सोलापुरात घरासाठी बोअर घेताना: आधी खडक, मग कागद, मग गाडी

नळाला चार-चार दिवस पाणी नाही म्हटल्यावर बोअरचा विषय सोलापुरातल्या प्रत्येक घरात कधी ना कधी निघतो. जुळे सोलापूरला घर बांधलं तेव्हा आमच्याकडेही निघाला. बहुतेक जण करतात तीच चूक आम्ही केली आणि ऐन ऑगस्टमध्ये बोअर खोदणारी गाडी बोलावली. 110 फुटांवर पाणी लागलं, गल्लीत पेढे वाटले. फेब्रुवारी सरेपर्यंत मोटार कोरडी फिरायला लागली. पावसाळ्यात मुरमात मुरलेलं वरचं पाणी आम्ही झऱ्याचं समजलो होतो. म्हणून पहिली गोष्ट: बोअर एप्रिल-मेमध्ये घ्या. तेव्हा जे पाणी लागेल, ते वर्षभराचं.

आपल्या पायाखाली काय आहे

सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हारस थरावर थर पसरत गेला, त्याचा हा बेसाल्ट. प्रत्येक थराचा वरचा भाग वायूच्या बुडबुड्यांमुळे सच्छिद्र असतो, पोट मात्र घट्ट काळा पाषाण. बुडबुड्यांच्या जागा पांढऱ्या खनिजांनी भरल्या की त्याला आपण मांजऱ्या म्हणतो. दोन थरांच्या मध्ये कधी कधी गेरूची तांबडी पट्टी सापडते. पाणी असतं ते झिजलेल्या मांजऱ्यात, दोन थरांच्या सांध्यात आणि पाषाणाच्या भेगांत. अखंड पाषाणात पाणी नसतं, मग तो 200 फुटांवर असो की 600.

त्यामुळे शेजारच्याला लागलं म्हणजे आपल्यालाही लागेलच, असं इथे नाही. भेग त्याच्या कुंपणापाशीच संपलेली असू शकते. तरीही शेजारपाजारच्या दहा-बारा बोअरची चौकशी कराच. किती फुटांवर पाणी लागलं, केसिंग (वरची माती-मुरूम ढासळू नये म्हणून घालतात तो पाइप) किती गेलं आणि मे महिन्यात मोटार किती वेळ चालते, हे तीन प्रश्न विचारायचे. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर सगळ्यात मोलाचं.

नारळ किंवा तारा घेऊन येणाऱ्या पाणाड्यावर अनेकांची श्रद्धा असते. घरातल्या वडीलधाऱ्यांचं मन मोडू नका, पण पैसे सर्वेक्षणावर घाला. जमिनीत चार सळ्या ठोकून वीज सोडतात आणि कोणत्या खोलीला रोध किती आहे ते मोजतात. ओला, झिजलेला खडक रोध कमी दाखवतो, पाषाण जास्त. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेचं जिल्हा कार्यालय सोलापुरात आहे. तिथल्या भूवैज्ञानिकांना भेटून आपल्या भागाची माहिती आणि सर्वेक्षणाबद्दल विचारा. चिकणमातीची ओली पट्टीही कमी रोध दाखवते, त्यामुळे खात्री कुणीच देणार नाही. पण अंदाज बराच सुधारतो.

कागदपत्रं

सर्वोच्च न्यायालयाने 2010 मध्ये, उघड्या बोअरमध्ये मुलं पडून जीव जात होते म्हणून, काही निर्देश दिले. त्यानुसार खोदाईच्या किमान 15 दिवस आधी जागामालकाने लेखी कळवायचं असतं. शहरात महापालिकेकडे अर्ज द्या, हद्दीबाहेर ग्रामपंचायतीकडे. सोबत उतारा, करपावती आणि जागेचा नकाशा जोडा, आणि पोचेचा शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.

राज्याचा 2009 चा भूजल कायदाही माहीत असू द्या. त्यात 60 मीटरपेक्षा, म्हणजे साधारण 200 फुटांपेक्षा जास्त खोली म्हणजे खोल विहीर. शेती आणि उद्योगासाठी तशी खोदाई करायला मनाई आहे. सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या स्रोतापासून 500 मीटरच्या आत परवानगीशिवाय विहीर घेता येत नाही. कुंभारी, तिऱ्हे, बोरामणीकडे प्लॉट असेल तर गावच्या पाणीपुरवठ्याची विहीर किती लांब आहे ते आधी पाहा. केंद्रीय भूजल प्राधिकरणाच्या सप्टेंबर 2020 च्या नियमांत स्वतःच्या घरगुती वापराच्या बोअरला ना-हरकत दाखल्यातून सूट आहे. अपार्टमेंट किंवा सोसायटीने मात्र ती गृहीत धरू नये, आधी विचारावं. गाडीवाल्याची नोंदणीही मागून बघा.

गाडी दारात आल्यावर

दर फुटावर ठरतो, केसिंगचा वेगळा, आणि जास्त खोलीला तो टप्प्याटप्प्याने वाढतो. म्हणजे खोल जाण्यात गाडीवाल्याचा फायदा आणि थांबण्यात तुमचा. कुठे थांबायचं ते आदल्या दिवशीच ठरवून कागदावर लिहा.

जागा निवडताना शोषखड्ड्यापासून 18 मीटर अंतर ठेवायला हवं. दीड हजार चौरस फुटांच्या प्लॉटवर ते बहुधा मिळत नाही. तेव्हा जमेल तितकं लांब जा आणि केसिंगवर कंजुषी करू नका. ते मुरमात न थांबता कठीण खडकात दोन-तीन फूट रुतलं पाहिजे, आणि भोवतीची फट सिमेंटने भरली पाहिजे. नाहीतर गटाराचं पाणी सरळ आत उतरतं.

खोदाई सुरू झाली की तिथून हलू नका. दुसरा बोअर घेतला तेव्हा मी दर दहा फुटांना भुकट्याचा एक ढीग ओळीने लावून घेतला आणि प्रत्येक ढिगाशी चिठ्ठी ठेवली. आधी काळी माती, मग पिवळसर मुरूम. 45 फुटांपासून राखाडी, पिठासारखी कोरडी भुकटी. चिमटीत घेतली तर फुंकरीने उडायची. 130 च्या ढिगात पांढरे कण चमकले. 140 ला भुकटीचे गोळे व्हायला लागले, तळहाताला गारवा लागला, आणि पाच मिनिटांत केसिंगच्या तोंडातून गढूळ फवारा उडाला. ऑपरेटर अण्णा तमिळनाडूचे. त्यांनी बोटं दाखवून अजून शंभर फूट जाऊ या म्हणून खुणावलं. आम्ही 180 ला थांबलो. सांध्याखाली पुन्हा कोरडा पाषाण सुरू झाला होता.

गेरू लागला तर तसं गाडीवाल्याला विचारून नोंदवून ठेवा. ओला झाल्यावर तो फुगतो, ढासळतो आणि मोटार अडकवतो.

पाणी लागल्यावर ते स्वच्छ होईपर्यंत कॉम्प्रेसर चालू ठेवायला सांगा. ‘दोन इंच पाणी’ म्हणजे काय तेही समजून घ्या. हे इंच म्हणजे काटकोनी खाच असलेल्या पत्र्यावरून पाणी सोडलं की खाचेत त्याची जी उंची भरते ती. 1 इंच पाणी तासाला साधारण 500 लिटर, पण 2 इंच म्हणजे सुमारे 2,900 लिटर. मोटार या आकड्यापेक्षा मोठी बसवली की बोअर उपसून कोरडा पडतो.

नंतरची कामं

पाणी प्रयोगशाळेत तपासून घ्या. विरघळलेले क्षार लिटरला 500 मिलिग्रॅमपर्यंत चांगले, दुसरी सोयच नसेल तर 2,000 पर्यंत चालवून घेतात. नायट्रेट 45 च्या वर असेल तर ते पाणी पिऊ नका. उकळून ते जात नाही, उलट दाट होतं. लहान बाळ घरात असेल तर ही तपासणी टाळूच नका.

केसिंगभोवती अर्धा मीटर लांब-रुंद काँक्रीटचा ओटा हवा, 30 सेंटिमीटर जमिनीत आणि 30 वर. तोंडावर बोल्टचं झाकण पक्कं बसवा. दुरुस्तीसाठी मोटार वर काढली असेल तेव्हा, चहा प्यायला जातानाही, तोंड उघडं ठेवू नका. फेल गेलेला बोअर तळापासून मातीखड्यांनी भरून टाका, नाहीतर पुनर्भरणाला लावा.

आमचा पहिला बोअर आता त्याच कामाला आहे. सोलापूर जिल्ह्यात वर्षाला सरासरी साधारण 545 मिलिमीटर पाऊस पडतो. हजार चौरस फुटांच्या गच्चीवर त्याचं पन्नास हजार लिटर पाणी होतं, गळती-बाष्प वजा जाता चाळीस हजार तरी हाती येतं. गच्चीचा पाइप खडी, बारीक खडे आणि वाळूच्या खड्ड्यातून गाळून त्या बोअरमध्ये सोडला आहे. अंगणातलं किंवा रस्त्यावरचं पाणी कधीच सोडायचं नाही. पहिल्या दोन पावसांचं पाणी बाहेर वळवायचं, आणि वाळू दर मे महिन्यात काढून धुवून पुन्हा भरायची.