जिउ-जित्सूत नवखेपण संपतं कधी? ते लांबवणाऱ्या या चुका टाळा

वर्षभर मॅटवर घाम गाळला की हा प्रश्न प्रत्येकाला पडतोच: मी अजून नवखाच आहे का? माझ्या मते याची खूण एकच. रोल, म्हणजे जोडीदाराशी सरावाची झुंज, संपल्यावर आपण नेमके कुठे सापडलो हे सांगता यायला लागलं, की नवखेपण ओसरू लागलं. नवखा म्हणतो, "त्याने दाबलं, मग काय झालं कळलंच नाही." पुढे सरकलेला म्हणतो, "त्याचा गुडघा आत आला तेव्हा माझं उजवं कोपर उघडं राहिलं, तिथेच गेलं." टॅप, म्हणजे हाताने थोपटून हार मान्य करणं, दोघांनीही केलेला असतो, पण दुसऱ्याला उद्या कशावर काम करायचं ते ठाऊक असतं.

ही नजर यायला वेळ लागतोच. काही सवयी मात्र तो वेळ उगाच वाढवतात.

पट्ट्यावरून स्वतःला जोखणं

प्रौढांचे मुख्य पट्टे पाच: पांढरा, निळा, जांभळा, तपकिरी, काळा. आयबीजेजेएफ या आंतरराष्ट्रीय ब्राझिलियन जिउ-जित्सू महासंघाच्या नियमांत निळ्यावरून जांभळ्यावर जायला किमान 2 वर्षं लागतात, पण पांढऱ्यावरून निळ्यावर जायला किमान मुदतच नाही. अट आहे ती 16 वर्षं वयाची. म्हणजे निळा पट्टा सर्वस्वी कोचच्या नजरेवर अवलंबून असतो आणि प्रत्येक कोचची नजर वेगळी. कुणाला दीड वर्षात मिळतो, कुणाला तीन. शेजारच्याला स्ट्राइप (पट्ट्यावरची प्रगतीची खूण) मिळाली आणि मला नाही, या विचारात कितीतरी चांगली मुलं खचलेली मी पाहिली आहेत. पट्टा मिळाल्यावर यायचंच बंद करणारेही पाहिले, आणि त्याचं जास्त वाईट वाटतं. कोचला "माझा पट्टा कधी?" असं विचारू नका, "माझी सगळ्यात कच्ची जागा कोणती?" असं विचारा. उत्तर लगेच मिळेल.

माउंटखाली हात लांब करणं

ही चूक मी सगळ्यात जास्त वेळा पाहतो, म्हणून जरा सविस्तर सांगतो. समोरचा छातीवर बसला, म्हणजे माउंटमध्ये आला, की पहिली ऊर्मी येते ती दोन्ही हातांनी त्याला वर ढकलायची. हात सरळ होतात, कोपरं बरगड्यांपासून सुटतात. वरच्याला तेवढंच हवं असतं. तो एक हात छातीशी धरतो, अंग वळवतो, पाय डोक्यावरून टाकतो आणि आर्मबार, म्हणजे कोपर उलटं ताणणारी पकड, लागतो.

पंचाईत अशी की हलक्या जोडीदारावर हे ढकलणं चालून जातं. एकदा चाललं की अंगवळणी पडतं आणि मग महिनोन्‌महिने सुटत नाही.

उपाय साधा आहे, पण त्याला धीर लागतो. कोपरं आधी बरगड्यांना चिकटवा. पाठीवर सपाट पडून राहू नका, एका कुशीवर वळा. कोपराने त्याचा गुडघा खाली ढकला, कंबर मागे सरकवा आणि जी फट होईल तिच्यातून आपला गुडघा आत घ्या. पहिल्या खेपेला फट बोटभरच होते. पुन्हा सरकवा. त्याने वजन पुढे टाकून हात मॅटवर टेकवला, तर तो हात आणि त्याच बाजूचा पाय अडकवून त्या खांद्यावरून ब्रिज मारा, म्हणजे कंबर जोरात उचलून त्याला उलटवा. या दोन्हींपैकी आत्ता कोणतं, हे ज्या दिवशी त्याच्या वजनावरून ओळखता येतं, तो दिवस मी कुठल्याही स्ट्राइपपेक्षा मोठा मानतो.

श्वास कोंडणं

दात आवळलेले, गी (सरावाचा जाड पोशाख) मुठीत घट्ट, श्वास बंद. मिनिटभरात कोपराखालचा हात भरून येतो आणि डोकं चालेनासं होतं. खाली अडकल्यावर पहिलं काम श्वास सोडण्याचं. तो ऐकू येईल इतका लांब सोडा.

टॅप उशिरा करणं, आणि मोजणं

आज कितीदा टॅप केला आणि किती जणांकडून करवला, याचा हिशेब ठेवणारा माणूस नकळत फक्त जमणारंच करत राहतो. वाईट जागेत जातच नाही, त्यामुळे तिथून निघायला शिकत नाही. याच हट्टापायी टॅपही उशिरा होतो. मी एकदा आर्मबार असाच ताणून धरला आणि सहा आठवडे कोपर दुखत होतं. त्या सहा आठवड्यांत जे शिकायचं होतं ते राहूनच गेलं. टाच पिळणाऱ्या लॉकमध्ये तर दुखायला लागेपर्यंत गुडघ्याला इजा झालेली असू शकते. पकड पक्की बसली हे ओळखून दुखण्याआधी टॅप करणं, हीसुद्धा नवखेपण सरत असल्याचीच खूण आहे.

रोज नवी टेक्निक

रात्री व्हिडिओ बघायचा, सकाळी तेच करून पाहायचं, परवा दुसरंच. वर्षअखेर शंभर टेक्निक ऐकून माहीत असतात आणि साइड कंट्रोलमधून (समोरचा बाजूने छातीवर आडवा दाबून असतो ती जागा) एकही सुटका भरवशाची नसते. प्रत्येक वाईट जागेतून एक सुटका, एक स्वीप (खालून उलटवून वर येणं), एक गार्ड पास (खालच्याचे पाय ओलांडून पुढे जाणं). सहा महिने एवढंच धरून ठेवा.

"मी पुढेच जात नाही"

असं वाटतं, कारण ज्यांच्याशी तुम्ही रोज रोल करता तेही शिकत असतात. अंतर तेवढंच राहतं. पहिल्याच दिवशी आलेल्या, तुमच्यापेक्षा जड माणसाशी रोल करून पाहा. तो हात लांब करेल तेव्हा तुम्हाला ते आधीच दिसेल. त्याला जोर न लावता आवरता आलं, दोघांनाही इजा झाली नाही, तर तुम्ही बरंच चालून आला आहात. फक्त रोल चालू असताना त्याला शिकवत बसू नका, ते कोचला करू द्या.

आणि आज शेवटचा रोल झाला की गी काढण्याआधी दोन ओळी लिहा: कुठे सापडलो, आणि त्याआधी माझे हात कुठे होते. दोनेक आठवड्यांत एकच जागा पुन्हा पुन्हा दिसू लागेल. मग जोडीदाराला सांगा, पुढचा रोल तिथूनच सुरू करूया, तू वर, मी खाली.