जुन्या कारचे मागचे ब्रेक लागत नाहीत? बिघाड कुठे आहे ते असं शोधा

गाडी थांबवण्याचा मोठा भार पुढची चाकं घेतात. त्यामुळे मागचे ब्रेक पार गेले तरी गाडी थांबत राहते आणि कित्येकांना पत्ताच लागत नाही. पेडल पूर्वीपेक्षा खोल जाणं, ब्रेक मारल्यावर गाडीचं नाक जास्त दबणं, पुढचे पॅड लवकर संपणं, हँडब्रेक बराच वर ओढावा लागणं, यातलं काहीही जाणवलं तर तपासणी होईपर्यंत गाडी रस्त्यावर काढू नका.

बहुतेक जुन्या गाड्यांना मागे ड्रम ब्रेक असतात आणि आतले ब्रेक शू, म्हणजे ड्रमला आतून दाबून चाक धरणाऱ्या कमानी, दोन वाटांनी हलतात. पेडल दाबलं की ब्रेक ऑइलच्या दाबाने, हँडब्रेक ओढला की केबलने. शू तेच, वाटा वेगळ्या. सगळं निदान याच एका गोष्टीवर उभं आहे. ते न करता थेट मास्टर सिलिंडर (पेडलच्या जोराने ऑइलवर दाब देणारा मुख्य पंप) बदलायला घेणं म्हणजे पैसे वाया घालवणं.

आधी बॉनेट उघडून ब्रेक ऑइलची पातळी बघा. मग इंजिन चालू ठेवून पेडल एकसारखं दाबून धरा. ते हळूहळू खाली बसत गेलं तर कुठेतरी गळती आहे किंवा मास्टर सिलिंडरचे सील आतून दाब सोडताहेत. दुसऱ्या-तिसऱ्या दाबाला पेडल वर येत असेल तर शू आणि ड्रममधलं अंतर वाढलंय किंवा पाइपात हवा आहे. हवेचं पेडल पायाला स्पंजसारखं लागतं.

आता सपाट, कडक जमिनीवर पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे लावा, गाडी न्यूट्रलला ठेवा, हँडब्रेक सोडा आणि मागची बाजू उचलून स्टँडवर घ्या. नुसत्या जॅकच्या भरवशावर हात आत घालू नका. मागे सरळ अॅक्सल (दोन्ही चाकांना जोडणारा अखंड आडवा दांडा) असेल तर स्टँड अॅक्सलखालीच लावा. कारण बऱ्याच गाड्यांत मागच्या वजनानुसार ब्रेकचा दाब कमी-जास्त करणारा व्हॉल्व्ह असतो. अॅक्सल लोंबकळत राहिला की तो गाडी रिकामी समजून दाब तोडतो आणि चांगले ब्रेकही निकामी वाटतात.

सोबत्याला पेडल दाबायला सांगा आणि तुम्ही एकेक चाक हाताने फिरवून बघा. नंतर तेच हँडब्रेक ओढून करा.

हँडब्रेकने चाक घट्ट धरलं, पण पेडलने नाही, तर शू आणि ड्रम ठीक आहेत, दोष ऑइलच्या वाटेत आहे. दोन्हींनी धरलं नाही तर ड्रमच्या आत बघा: लायनर (शूवरचा घासणारा थर) झिजलेत, ऑइलने भिजलेत किंवा अॅडजस्टर (शू आणि ड्रममधलं अंतर राखणारा भाग) जाम आहे. फक्त हँडब्रेक लागत नसेल तर केबल. दोन्ही मागची चाकं पेडलला दाद देत नसतील तर संशय सामायिक भागांवर घ्या, एकच देत नसेल तर त्या चाकाच्या सिलिंडरवर (व्हील सिलिंडर, ऑइलच्या दाबाने शू ढकलणारा). मात्र काही गाड्यांत ऑइलची वाट तिरकी विभागलेली असते, म्हणजे एक मागचं चाक समोरच्या विरुद्ध बाजूच्या चाकाशी जोडलेलं. तिथे ते पुढचं चाकही तपासा.

ऑइलची वाट चाकाकडून पुढे तपासत जा. ब्लीडर निपल (व्हील सिलिंडरवरचा, ऑइल आणि हवा बाहेर काढायचा पोकळ स्क्रू) अर्धा फेरा सैल करा, सोबत्याला पेडल सावकाश दाबू द्या आणि त्याने ते सोडण्याआधी निपल आवळा. पेडलखाली लाकडाचा तुकडा ठेवा. पेडल तळापर्यंत गेलं तर मास्टर सिलिंडरचे जुने सील आतल्या गंजलेल्या भागावर घासून फाटू शकतात. ऑइल जोरात आलं, तरी चाक धरत नसेल तर व्हील सिलिंडरचे पिस्टन जाम आहेत. आलंच नाही तर आधी निपलचं भोक गंजाने बुजलंय का बघा. ते मोकळं असेल तर रबरी होजचा मास्टर सिलिंडरकडचा जोड सैल करा. तिथे ऑइल आलं तर दोषी होजच. ही होज बाहेरून धडधाकट दिसते आणि आतून फुगून बंद झालेली असते, त्यामुळे ती हमखास नजरेतून सुटते. तिथेही ऑइल नसेल तर दाबाचा व्हॉल्व्ह आणि त्यानंतर मास्टर सिलिंडर.

ड्रम निघत नसेल तर अॅडजस्टर सैल करा. आतली धूळ फुंकू नका, हवेनेही उडवू नका. जुन्या लायनरमध्ये अॅस्बेस्टॉस असू शकतं. ब्रेक क्लीनरने ओली करूनच पुसा. ड्रम काढलेला असताना पेडलला पाय लावू नका, पिस्टन बाहेर पडतील. व्हील सिलिंडरची रबरी टोपी किंचित उचला. आतून ऑइल ओघळलं तर सील गेलं. आत भरपूर ओल असेल तर थेंब पाण्यात टाकून बघा: नेहमीचं ब्रेक ऑइल पाण्यात मिसळतं, गिअर ऑइल मिसळत नाही. गिअर ऑइल निघालं तर आधी अॅक्सलचं सील बदला, नाहीतर नवे लायनरही भिजतील. भिजलेले लायनर धुऊन परत लावू नका आणि बदलताना दोन्ही चाकांचे एकत्र बदला. एका वेळी एकच बाजू उघडा, म्हणजे स्प्रिंगा कशा बसवायच्या ते दुसऱ्या बाजूला बघता येतं. ड्रमचा कमाल व्यास बहुधा त्याच्यावरच कोरलेला असतो. त्यापुढे झिजला असेल तर ड्रमही बदला.

जोडताना क्रम पाळा: आधी शूचं अंतर, मग ब्लीडिंग (निपलमधून पाइपातली हवा काढणं), हँडब्रेकची केबल सर्वांत शेवटी. केबल आधी ताणली की लिव्हर छान वाटतो आणि झिजलेले शू झाकले जातात. ऑइल टाकीच्या झाकणावर लिहिलेल्या प्रकाराचंच आणि सीलबंद डब्यातलं घ्या. ते हवेतलं पाणी शोषतं. ताज्या डॉट ४ ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असतो, पाणी शोषल्यावरची किमान मर्यादा १५५ अंश आहे. मग मोकळ्या जागी अगदी हळू वेगात ब्रेक मारून बघा, परत येऊन प्रत्येक जोड कोरड्या कागदाने पुसा. कागद ओला झाला तर तो जोड पुन्हा उघडून नीट बसवा.