गॅदरिंगचं गाणं तुमच्याकडे आलं तर आधी पट्टी बघा

बी.एड.च्या २० आठवड्यांच्या आंतरवासितेत माध्यमिक शाळेत गेलात आणि ‘मला पेटी येते’ असं एकदा जरी तोंडातून निघालं, तर स्नेहसंमेलनाचं गाणं तुमच्याकडेच येणार हे धरून चला. ईशस्तवन, स्वागतगीत, एक समूहगीत, एक पोवाडा, आणि पुढे दहावीचा निरोप समारंभ. घाबरू नका, काम जमण्यासारखं आहे. पेटीवर बोटं फिरतात, केरवा-दादरा कळतो, हे गृहीत धरून लिहितोय. बहुतेक नवख्यांचा घात होतो तो पट्टीत, म्हणजे गाण्याचा सा पेटीच्या कुठल्या सुरावर धरायचा यात, म्हणून आधी तेवढंच नीट समजून घ्या.

चूक अशी होते. नवा शिक्षक मुलांना मुखडा गायला लावतो, पेटीवर पट्टी चाचपतो, काळी २ (सप्तकातली दुसरी काळी पट्टी) बरी वाटते आणि तीच पक्की होते. आठवडाभर मुखडाच घोटला जातो आणि सगळं छान चाललंय असं वाटतं. मग अंतरा येतो. अंतऱ्यात चाल तार म्हणजे वरच्या सप्तकात चढते, निम्मी मुलं ओरडतात, निम्मी गुपचूप खालच्या सप्तकात उतरतात आणि समूहगीताचे दोन तुकडे होतात. तोवर नाच बसलेला असतो आणि तबला त्या पट्टीला मिळवलेला असतो, त्यामुळे पट्टी बदलायची कुणाची तयारी नसते. रंगमंचावर तर उत्साहाने मुलं आणखी चढ्या आवाजात गातात, म्हणजे वर्गात जेमतेम लागणारा स्वर तिथे हमखास फाटतो. मुलं बेसूर नसतात. पट्टी चुकलेली असते. मुलांना ‘तुम्हाला गाता येत नाही’ असं कृपा करून म्हणू नका. तेराव्या वर्षी ऐकलेलं हे वाक्य माणूस पुढे जन्मभर गात नाही इतकं आत जाऊन बसतं.

पट्टी मुखड्यावरून काढायची नसते. गाण्यातल्या सगळ्यात खालच्या आणि सगळ्यात वरच्या स्वरावरून काढायची असते. पूर्ण गाण्याचं नोटेशन कागदावर उतरवा, अगदी शेवटच्या कडव्यापर्यंत. सर्वांत खालच्या स्वराभोवती एक गोल करा, सर्वांत वरच्या स्वराभोवती दुसरा. आता या दोन स्वरांत किती पायऱ्या आहेत ते काळ्या-पांढऱ्या सगळ्या पट्ट्या धरून मोजा. सा ते तार सा म्हणजे १२ पायऱ्या. पाचवी ते सातवीच्या मुलांचा समूह पेटीच्या मधल्या सप्तकाच्या पांढरी १ पासून वरच्या सप्तकाच्या पांढरी २ पर्यंत न ताणता गातो, म्हणजे तुमच्या हातात १४ पायऱ्या आहेत. तुमचं गाणं या १४ पायऱ्यांत बसवायचं. पट्टी शोधताना पेटीचा कपलर (एका पट्टीबरोबर दुसऱ्या सप्तकातला तोच स्वर वाजवणारी सोय) बंद ठेवा, नाहीतर कुठल्या सप्तकात आहोत तेच कळत नाही.

उदाहरणं घेऊ. गाणं मंद्र (खालच्या सप्तकातल्या) नी ते तार सा एवढं फिरत असेल तर काळी १ चा सा धरा. नी मधल्या पांढरी १ वर येतो आणि तार सा वरच्या काळी १ वर. चाल मध्य सप्तकातल्या गंधारापासून सुरू होऊन तार मध्यमापर्यंत जात असेल तर तीच काळी १ मुलांचा गळा फाडेल. तिथे काळी ४ घ्या, पण मधल्या सप्तकाच्या खालची: ग पांढरी १ वर येतो, तार म वरच्या काळी १ वर. एखादं शांत ईशस्तवन मंद्र पंचम ते मध्य पंचम एवढंच असेल तर मधल्या सप्तकाची काळी ३. म्हणजे ‘मुलांची पट्टी काळी ४’ असा ठोकळ नियम कुणी सांगितला तर ऐकून सोडून द्या. पट्टी गाण्याची असते, गाणाऱ्यांची असते, वर्गाची कधीच नसते.

गाणं १४ पायऱ्यांत बसतच नसेल तर? बऱ्याचदा बसत नाही. मग चढा अंतरा चार-पाच मोकळ्या आवाजांना द्या आणि बाकीच्यांनी ध्रुवपद धरायचं. किंवा एखादी वर गेलेली ओळ खालून वळवा. चाल बदलल्याचा अपराध वाटून घेऊ नका, फाटलेल्या तार षड्जापेक्षा ते शंभर पटीने बरं. पक्की करण्याआधी पट्टीची परीक्षा घ्या, तीही अर्धा तास सराव झाल्यावर, थकलेल्या गळ्यांवर. वरचा स्वर हळू आवाजात ‘आ’कारात मागा. हनुवटी वर गेली, गळ्याच्या शिरा दिसल्या, की पट्टी एक पायरी खाली. सकाळच्या पहिल्या तासाला आवाज जड असतो, तेवढ्यावरून निर्णय नको.

आता या पट्ट्या निवडण्यामागचा फायदा सांगतो. तबला काळी १ ला मिळवलेला असला की काळी १ च्या गाण्यात तो षड्ज देतो, काळी ३ च्या गाण्यात पंचम आणि काळी ४ च्या गाण्यात मध्यम. एकच तबला तिन्ही पट्ट्यांना चालतो आणि दोन गाण्यांच्या मध्ये कुणाला हातोडी शोधावी लागत नाही. गाणी जमतील तेवढी याच तीन पट्ट्यांत आणा. काळी १ साठी साधारण साडेपाच इंची पुडीचा (चामड्याच्या तोंडाचा) तबला मागा. लहान तोंडाचा तबला खाली ओढला तर भदभद वाजतो, मोठा वर ताणला तर पुडी फाटते. मोठा फरक बाजूच्या आठ लाकडी गट्ट्यांवर काढा, बारीक फरक पुडीच्या कडेच्या गजऱ्यावर (चामड्याच्या वेणीवर), आणि गजऱ्यावरची सोळा घरं समोरासमोर तपासा. डिसेंबरच्या रात्री मैदानावर दव पडतं, चामडं ढिलं होतं आणि तबला उतरतो. दुपारी मिळवलेल्या तबल्यावर विसंबू नका. झाकून ठेवा आणि गाण्याआधी दहा मिनिटं पुन्हा बघा.

शाळेची पेटी जुनी असेल तर तिचा सूर मोबाईलवरच्या ट्यूनरवर तपासा. मधल्या पांढरी ६ ला ४४० हर्ट्झच्या आसपास आकडा यायला हवा. फरक थोडा असेल तर तंबोऱ्याचं अॅप पेटीला जुळवून घ्या. स्वतः पेटीतले सूर (आतल्या धातूच्या पात्या) खरवडायला बसू नका. एकदा जास्त घासला गेलेला सूर परत येत नाही.

आठवी-नववीतल्या मुलग्यांबद्दल फार सांभाळून वागा. आवाज फुटायचं वय हेच. काहींकडे जेमतेम पाच-सहा स्वर उरलेले असतात आणि ते रोज बदलतात. त्यांना वर ताणू नका, पण गटातून काढूही नका. झांज, तुणतुणं, हलगी, लेझीम त्यांच्याकडे द्या. पोवाड्यात ‘जी जी रं जी’ची साथ द्या, तिथे चिरका आवाजही शोभतो. आपल्या कोल्हापुरात हलगी, घुमकं, कैताळ ही तालवाद्यं मुलांच्या कानांवर लहानपणापासून असतात, ताल शिकवायला वेळ लागत नाही. हलगी चामड्याची असेल तर थंडीत शेकावी लागते. ती मांडवापासून, पडद्यांपासून दूर आणि मोठ्या माणसाच्या देखरेखीखालीच. फायबरची मिळाली तर संमेलनापुरती तीच घ्या. तुणतुणं विकत आणायची गरज नाही. कार्यानुभवाच्या तासाला रिकामा पत्र्याचा डबा, बांबू, तार आणि खुंटी एवढ्यावर ते होतं. आपण केलेलं वाद्य आपणच वाजवायचं, याचा मुलांना किती अभिमान वाटतो ते बघाच.

कराओके ट्रॅकबद्दल माझं मत कडक आहे. वेळ वाचतो म्हणून सगळे तिकडे वळतात आणि मुलं मोठ्या माणसाच्या पट्टीत कोंडली जातात. ट्रॅक वापरावाच लागला तर अॅपमधून दोन-तीन पायऱ्या वरखाली करा, गती तीच ठेवा. त्यापुढे गेलात की वाद्यं पत्र्यासारखी वाजतात. शाळेच्या पेटीशी ट्रॅक जुळतोय का हे न बघता दोन्ही एकत्र तर मुळीच वाजवू नका.

विचारायचं कुणाला? १८८३ साली स्थापन झालेल्या देवल क्लब या संगीतसंस्थेचं, थोर गवई अल्लादियाखाँसाहेबांचं हे कोल्हापूर. इथे गाणं जाणणारी माणसं कमी नाहीत. तरी समूहगीतासाठी मी आधी गावातल्या भजनी मंडळाच्या पेटीवाल्याकडे जायला सांगेन. वीस वेगवेगळ्या गळ्यांना एका पट्टीत आणणं त्याचं नेहमीचं काम आहे. मैफलीचा गवई स्वतःच्या गळ्याची पट्टी धरतो. व्हिडिओ बघून शिकण्याला माझा विरोध नाही, पण व्हिडिओला तुमच्या वर्गातली मुलं ऐकू येत नाहीत.

सराव रोज ४० मिनिटं, साधारण २० दिवस पुरे. शाळा सुटल्यावर ठेवाल तर करवीर-पन्हाळ्याच्या गावांतून एसटीने येणारी मुलं गळतील, आणि बऱ्याचदा चांगले आवाज त्यांच्यातच असतात. परिपाठाआधीची वेळ मुख्याध्यापकांकडून मागून घ्या.

माईकबाबत थोडक्यात. वीस मुलांना तीन माईक बास, तोंडाच्या उंचीवर, हातभर लांब. स्पीकर माईकच्या पुढे असावेत, मागे गेले की कुंई होणारच. पेटीला एक, तबल्याला एक, डग्ग्याला जमला तर वेगळा. रात्री दहाला ध्वनिक्षेपक बंद होतो, म्हणून समूहगीत शेवटी ढकलू देऊ नका. बक्षीस वितरण लांबलं की पहिला बळी गाण्याचा जातो.

निरोप समारंभ त्या मानाने सोपा. दहावीच्या बऱ्याच मुलांचा आवाज एव्हाना सप्तकभर खाली बसलेला असतो. मुली जी पट्टी घेतील तीच मुलांना खालच्या सप्तकात चालते. वेगळी पट्टी शोधत बसू नका. गाणं मात्र दोन कडव्यांचंच घ्या, कारण तिसऱ्या कडव्यापर्यंत अर्ध्या मुली रडत असतात आणि रडताना तार सप्तक लागत नाही.

शेवटी एक चिकटपट्टी पेटीच्या झाकणावर लावा आणि ठळक अक्षरांत क्रमाने लिहा: गाण्याचं नाव, पट्टी, कुठल्या सप्तकातला सा, पहिला स्वर. ऐनवेळी दुसरंच कुणी पेटीवर बसलं, तरी मुलांना तोच सा मिळेल.