मृत्यूदराचा आलेख: दांड्याच्या उंचीआधी हे बघा

ग्रामसभेत किंवा व्हॉट्सॲपवर बालमृत्यूचा आलेख आला की नजर थेट सगळ्यात उंच दांड्यावर जाते. त्याआधी दर किती जणांमागे काढलाय ते वाचा. बालमृत्यूदर १००० जिवंत जन्मांमागे मोजतात, मातामृत्यूचं प्रमाण १ लाख जिवंत जन्मांमागे.

खरी फसगत लहान आकड्यांत होते. समजा, एका आरोग्य उपकेंद्राच्या गावांत वर्षाला ५० जन्म. एक बाळ दगावलं तर दर २०, पुढच्या वर्षी दोन दगावली तर ४०. लगेच 'दुप्पट झाले' म्हणून बोंब, आणि रोष आशाताईंवर. प्रत्येक मृत्यूची चौकशी व्हायलाच हवी, पण एवढ्यावरून कल ठरत नाही. तीन-पाच वर्षांचे जन्म आणि मृत्यू एकत्र करून दर मागा.

आपल्याकडे आणखी एक गोष्ट फार महत्त्वाची. मृत्यूची नोंद तो जिथे घडला तिथे होते. गडचिरोलीचा किंवा मेळघाटातला अत्यवस्थ पेशंट नागपूरच्या मेडिकलला (सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात) हलवला आणि तिथेच गेला, तर नोंद नागपुरात. मग नागपूर भयंकर दिसतं आणि ज्या तालुक्यात वेळेवर इलाज मिळाला नाही तो सुरक्षित. म्हणून आकडे राहत्या गावानुसार आहेत की घटनास्थळानुसार, हे विचाराच.

आलेखाच्या उभ्या रेघेवरचे आकडे शून्यापासून सुरू होतात का तेही बघा, नाहीतर छोटा फरकही मोठा दिसतो. आणि अलीकडच्या महिन्यांत उतार दिसला तर थांबा: नोंदणीला २१ दिवसांची मुदत असते, काही नोंदी त्याहून उशिरा येतात.