हृदयाचा पेशंट दाढ काढायला येतो तेव्हा

ठाण्यात नौपाड्यातला माझा दातांचा दवाखाना पहिल्या मजल्यावर आहे आणि इमारत जुनी, लिफ्ट नाही. खालून वर बावीस पायऱ्या. त्या पायऱ्याच माझी पहिली तपासणी. पेशंट दारात येऊन बोलायला लागला की वाक्य सलग येतंय की मध्येच थांबून श्वास घ्यावा लागतोय, हे मी आणि माझी सहायक आधी बघतो. जिना न थांबता चढणारा माणूस एक दात काढण्याचा ताण सहसा नीट सोसतो. जो वळणावर कठडा धरून उभा राहिला, त्याला त्या दिवशी भूल देण्याआधी मी खोलात चौकशी करते. नव्याने दवाखाना थाटणाऱ्या मुलामुलींना मी हेच सांगते: तोंडात आरसा घालायच्या आधी माणूस बघा.

फॉर्मवर मात्र विसंबू नका. ‘हृदयविकार, रक्तदाब आहे का?’ या रकान्यात लोक मनापासून ‘नाही’ लिहितात. एका काकूंनी असंच लिहिलं होतं आणि पर्समधून ॲम्लोडिपिनची स्ट्रिप निघाली. ‘अहो, गोळी चालू आहे ना, मग बीपी कुठलं राहिलं आता?’ त्यांचं त्यांच्या जागी बरोबरच होतं. म्हणून फोनवर वेळ देतानाच आम्ही सांगतो, ‘काका, घरातल्या सगळ्या गोळ्या पिशवीत घालून आणा, रिकाम्या स्ट्रिपसुद्धा, आणि अँजिओग्राफीची फाइल असेल तर तीही.’ ती पिशवी टेबलावर ओतली की खरा इतिहास कळतो. रक्त पातळ करणारी क्लोपिडोग्रेल दिसली की स्टेंट, म्हणजे हृदयाची रक्तवाहिनी उघडी ठेवणारी जाळी, आहे का विचारा आणि तारीख विचारा. दर तीन आठवड्यांनी पेनिसिलिनचं इंजेक्शन चालू असेल, तर लहानपणी संधिवाताचा ताप येऊन हृदयाची झडप खराब झालेली असू शकते. ॲम्लोडिपिनवाल्यांच्या हिरड्या सुजून दातांवर चढल्या असतील, तर स्वच्छता तर कराच, पण गोळी बदलता येईल का हे त्यांच्या डॉक्टरांना चिठ्ठी लिहून विचारा. गोळी आपण बदलायची नाही.

बीपी प्रत्येकाचं मोजा, पाच मिनिटं बसवून, आणि जास्त आलं तर थोड्या वेळाने पुन्हा. १८०/११० किंवा त्याच्या वर असेल तर ठरवून करायचं काम त्या दिवशी नाही. दुखणं कमी करायचं आणि फिजिशियनकडे पाठवायचं. सोबत छातीत दुखणं, धाप किंवा दिसायला अंधुक होत असेल तर थेट हॉस्पिटल. हार्ट अटॅक येऊन दोन महिने झाले नसतील तर तातडीचं नसलेलं काहीही मी करत नाही. नंतरसुद्धा त्यांच्या हृदयरोगतज्ज्ञांशी स्वतः फोनवर बोलते. पेशंटच्या हातून नुसतं ‘फिट फॉर एक्स्ट्रॅक्शन’ मागवू नका. काय करणार, किती दात, किती भूल, हे सांगा आणि मग विचारा.

आता ज्या गोष्टीसाठी हे लिहायला बसले ती. रक्त पातळ करायची गोळी.

काही वर्षांपूर्वी पाचपाखाडीतले एक गृहस्थ आले. खालची दाढ हलत होती. आल्या आल्या अभिमानाने म्हणाले, ‘मॅडम, दोन्ही गोळ्या पाच दिवसांपासून बंद केल्यात, आता बिनधास्त काढा.’ त्यांना कुणीतरी सांगितलं होतं, दात काढायच्या आधी बंद कराव्याच लागतात. फाइल उघडली तर स्टेंट टाकून चार महिने झाले होते. माझे हात गार पडले. दाढ काढली नाही. तिथूनच त्यांच्या हृदयरोगतज्ज्ञांना फोन लावला, त्यांच्या सांगण्यावरून गोळ्या त्याच क्षणी सुरू केल्या आणि ईसीजीला पाठवलं. ते सुखरूप राहिले. दाढ पुढच्या आठवड्यात काढली, दोन्ही गोळ्या चालू ठेवून.

स्टेंटची जाळी नवी असताना तिच्यावर रक्तवाहिनीचं आतलं अस्तर पूर्ण चढलेलं नसतं. उघड्या जाळीवर रक्ताची गुठळी धरू नये म्हणून ॲस्पिरिन आणि सोबत दुसरी गोळी साधारण सहा ते बारा महिने देतात. ती मधेच थांबवली तर स्टेंट बंद पडून अटॅक येऊ शकतो. दाढेच्या खड्ड्यातलं रक्त मात्र आपल्या बोटाखाली असतं, दाबता येतं, टाके घालता येतात. म्हणून ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल साध्या दात काढण्यासाठी आपण बंद करायला सांगायची नाही.

त्याऐवजी काम असं लावा. सकाळची शेवटची वेळ द्या, म्हणजे दुपारभर दवाखाना उघडा असेल आणि रक्त वाहिलंच तर पेशंट परत येऊ शकेल. शुक्रवारी संध्याकाळी किंवा गणपतीच्या आदल्या दिवशी काढू नका. एका वेळी एक-दोनच दात. हिरडी जपून, खड्डा खरवडून साफ, आत जिलेटिन स्पंज, वरून आठच्या आकाराचा टाका. रक्त थांबवणाऱ्या ट्रॅनेक्सामिक ॲसिडमध्ये भिजवलेला गॉज अर्धा तास घट्ट चावायला द्या आणि त्या अर्ध्या तासात पेशंटला बाहेरच्या बाकावर बसवून ठेवा. गॉज काढून स्वतः बघितल्याशिवाय मी कुणाला जिना उतरू देत नाही.

वॉरफेरिन किंवा ॲसिट्रॉम या रक्त पातळ करायच्या गोळ्यांवाल्यांचा आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याची तपासणी) त्याच दिवशीचा किंवा आदल्या दिवशीचा हवा. मागच्या महिन्याचा कागद चालत नाही. ३.५ पर्यंत मी काढते. त्याच्या वर असेल तर परत त्यांच्या डॉक्टरांकडे. ॲपिक्साबॅन, रिव्हरॉक्साबॅन, डॅबिगॅट्रान या रक्त पातळ करायच्या नव्या गोळ्यांचं मोजमाप आयएनआरवर होत नाही, तेव्हा तो मागवून उपयोग नाही. जास्त दात किंवा हाड कापायचं असेल तर सकाळचा डोस पुढे ढकलायचा का, हे त्यांचे डॉक्टर ठरवतील. आणि औषध लिहिताना हात आवरा. सवयीने लिहिलेलं मेट्रोनिडाझोल हे अँटिबायोटिक वॉरफेरिनवाल्याचा आयएनआर चढवतं, तोंडातल्या बुरशीसाठीचं मायकोनाझोल जेलसुद्धा. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक टाळा, पॅरासिटामॉल द्या. दात काढताना आलं नाही ते रक्त चौथ्या दिवशी गोळीमुळे येतं आणि आपल्याला कारण कळत नाही.

भुलेबद्दल एक हिशेब पाठ असू द्या. हृदयाच्या पेशंटला भुलेच्या औषधात मिसळलेलं ॲड्रेनलिन एका बैठकीत ०.०४ मिलिग्रॅमच्या आत ठेवायचं. १:८०,००० ॲड्रेनलिन असलेल्या लिग्नोकेनमध्ये, म्हणजे भुलेच्या औषधात, दर मिलिलिटरला ०.०१२५ मिलिग्रॅम असतं, म्हणजे ३.२ मिलिलिटर झाले की थांबायचं, १.८ मिलिलिटरची दोन कार्ट्रिज पूर्ण दिली तर मर्यादा ओलांडते. १:२,००,००० वापरलंत तर ८ मिलिलिटरपर्यंत जागा मिळते. दरवेळी सिरिंजचा दट्ट्या मागे ओढून रक्त येत नाही ना ते बघा, आणि सावकाश टोचा. ॲड्रेनलिनच्या भीतीने अर्धवट भूल देणं जास्त वाईट, कारण दुखलं की शरीर स्वतःचं ॲड्रेनलिन सोडतं आणि त्याला मर्यादा नसते. प्रोप्रॅनोलॉल ही हृदयाचे ठोके कमी करणारी गोळी घेणाऱ्यांचं बीपी मात्र अचानक चढू शकतं. तिथे अगदी थोडं द्या, थांबा, बीपी बघा.

तोंडातले जंतू रक्तातून हृदयात जाऊन बसू नयेत म्हणून आधी द्यायच्या अँटिबायोटिकचा गोंधळ उलटा आहे: ज्यांना नको त्यांना सर्रास दिलं जातं. बायपास, स्टेंट, पेसमेकर, यांना केवळ त्या कारणासाठी आधी डोस लागत नाही. लागतो तो कृत्रिम झडप बसवलेल्यांना, हृदयाच्या आतल्या अस्तराला पूर्वी जंतुसंसर्ग होऊन गेलेल्यांना आणि जन्मजात हृदयदोषांपैकी काहींना. अमेरिकन हार्ट असोसिएशनने २००७ मध्ये यादी अशी छोटी केली. ॲमॉक्सिसिलिन २ ग्रॅम, कामाच्या अर्धा ते एक तास आधी, एकदाच. पेनिसिलिनची ॲलर्जी असेल तर ॲझिथ्रोमायसिन ५०० मिलिग्रॅम. क्लिंडामायसिन २०२१ पासून त्या यादीत नाही. आधीच पेनिसिलिनच्या इंजेक्शनवर असलेल्यांना दुसऱ्या गटातलं औषध द्यावं लागतं. संधिवाताच्या तापाने बिघडलेली, पण न बदललेली झडप असेल तर मी स्वतः ठरवत नाही, त्यांच्या हृदयरोगतज्ज्ञांना विचारते.

हृदय कमजोर असलेल्याला पूर्ण आडवं झोपवू नका, धाप लागते. ‘रात्री किती उशा घेता?’ या एका प्रश्नात खुर्ची किती झुकवायची ते कळतं. उठवताना हळूहळू, दोन मिनिटं बसवून, कारण बीपीच्या गोळ्यांवरचे लोक उभं राहताच चक्कर येऊन पडतात.

शिवाय दात दुखतोय म्हणून आलेल्या प्रत्येकाचा दातच दुखत नसतो. एक निवृत्त शिक्षक खालचा डावा जबडा धरून आले होते. एक्स-रेत काही नाही, ठोकून बघितलं तरी दुखत नाही. कधी दुखतं विचारलं तर म्हणाले, ठाणे स्टेशनचा पूल चढताना, आणि वर थांबलं की दुखायचं थांबतं. मी रूट कॅनल सुरू केलं नाही, मुलाला बोलावून त्यांना हृदयाच्या तपासणीला पाठवलं. त्यांच्या तीन रक्तवाहिन्यांत अडथळे निघाले.

खुर्चीत छातीत दुखू लागलं तर काम तिथेच सोडा, तोंडातलं सगळं काढा, बसतं करा. बीपी बघा, वरचा आकडा ९० च्या खाली नसेल आणि सिल्डेनाफिलसारखी (व्हायग्रासारखी) गोळी दोन दिवसांत घेतलेली नसेल तर रक्तवाहिन्या सैल करणारी सॉर्बिट्रेट ५ मिलिग्रॅम जिभेखाली. हा प्रश्न बायकोसमोर नको, कानाशी विचारा. पाच मिनिटांत दुखणं गेलं नाही, किंवा हे दुखणं त्यांना पहिल्यांदाच येत असेल तर १०८ ला फोन आणि ॲलर्जी नसेल तर ॲस्पिरिन ३०० मिलिग्रॅम चावून. आमच्या जिन्याच्या वळणावर स्ट्रेचर वळत नाही. हे आम्ही आधीच करून पाहिलं, म्हणून हातांची एक दणकट खुर्ची दाराशी कायम ठेवलेली असते आणि खालच्या दुकानातल्या दोघांना ती कशी धरायची ते दाखवून ठेवलं आहे. ज्यांची तब्येत मुळातच डळमळीत आहे, त्यांना मी वर चढवतच नाही, दंतविभाग असलेल्या हॉस्पिटलात पाठवते.

दाढ काढलेल्या प्रत्येक हृदयाच्या पेशंटला रात्री साडेआठला माझा फोन जातो. दोनच प्रश्न: उशीवर रक्ताचा डाग आहे का, आणि रात्रीची गोळी घेतलीत का?