४२ अंशांना औषध सुटत नाही? तापमान-संवेदी लायपोसोम करताना या चुका टाळा

“मॅडम, ४२ अंशांना चार तास ठेवलं, तरी औषध निम्मंसुद्धा बाहेर आलं नाही.” अशी तक्रार घेऊन एम.फार्म.चे विद्यार्थी येतात, तेव्हा मी फॉर्म्युलेशनबद्दल नंतर विचारते. आधी विचारते, मोजलं कसं? उत्तर बहुतेक वेळा एकच असतं: डायलिसिस बॅग, म्हणजे फक्त मोकळं औषध बाहेर जाऊ देणारी बारीक छिद्रांची पिशवी.

इथेच घोळ होतो. तापमान-संवेदी लायपोसोम म्हणजे पोटात औषध भरलेले, लिपिडच्या (स्निग्ध रेणूंच्या) पडद्याचे सूक्ष्म फुगे; तापवले की ते औषध सोडतात. त्यांचं मुख्य लिपिड डीपीपीसी. साधारण ४१ अंशांना त्याचा पडदा घट्ट अवस्थेतून पातळ अवस्थेत जातो. हा बदल होत असताना घट्ट आणि पातळ भागांच्या सीमेवर फटी पडतात आणि औषध त्यांतून पाझरतं. लायपोसोम फुटत नाही, हे नीट लक्षात ठेवा. ही कल्पना १९७८ साली यॅटविन आणि सहकाऱ्यांनी मांडली. पुढे ड्यूक विद्यापीठात डेव्हिड नीडहॅम यांनी पडद्यात थोडं लायसोलिपिड (दोनाऐवजी एकच शेपटी असलेलं लिपिड) मिसळलं, तेव्हा औषध काही सेकंदांत सुटू लागलं. त्यातूनच आलेल्या थर्मोडॉक्समध्ये, म्हणजे डॉक्सोरुबिसिन हे कर्करोगाचं औषध भरलेल्या लायपोसोममध्ये, डीपीपीसी, एमएसपीसी (हेच ते लायसोलिपिड) आणि पेग लावलेलं लिपिड यांचं मोल-प्रमाण ८६:१०:४ असं आहे.

आता जी गोष्ट सेकंदांत घडते, ती तुम्ही अशा बॅगेतून मोजताय जिच्यातून मोकळं औषध पार व्हायलाच तास लागतात. आलेख लायपोसोमचा नसतोच, बॅगेचा असतो. त्याऐवजी बफर आधीच तापवून ठेवा, त्यात लायपोसोमचा अगदी थोडा नमुना सोडा आणि १०, ३०, ६० सेकंदांनी थोडं थोडं काढून थेट बर्फात घाला. डॉक्सोरुबिसिन लायपोसोममध्ये दाटीने भरलेलं असताना त्याची चमक (फ्लुओरेसन्स) दबलेली असते, बाहेर पडलं की वाढते. ४८०च्या आसपास उत्तेजन द्या आणि ५९० नॅनोमीटरजवळ वाचा. शंभर टक्क्यांसाठी ट्रायटन घाला, हा डिटर्जंट लायपोसोम फोडून सगळं औषध बाहेर काढतो. सगळे नमुने एकाच तापमानाला आणून मगच वाचा, कारण गरम द्रावणात चमक आपोआप कमी दिसते. हे विसरल्यामुळे चांगला डेटा फुकट गेलेला मी पाहिलाय.

दुसरी चूक वॉटर बाथच्या आकड्यावर विश्वास ठेवण्याची. एकदा आम्ही प्लॅस्टिकच्या छोट्या ट्यूबमध्ये थर्मोकपलची (तापमान मोजणारी) तार सोडून बसलो. बाथवर ४२ दिसत होतं, पण एक मिनिट झालं तरी ट्यूबमधलं द्रावण ३८च्या पुढे सरकलं नव्हतं. ज्या पडद्याचं सगळं वागणं एक-दोन अंशांत पालटतं, त्याच्यासाठी हा फरक म्हणजे पूर्ण प्रयोगच वेगळा. ३७ अंशांच्या नमुन्यालाही हेच लागू आहे. बाथ दोन अंश जास्त दाखवत असेल, तर “आमचे लायपोसोम गळत नाहीत” हा निष्कर्ष प्रत्यक्षात ३५ अंशांचा असतो.

औषध भरतानाची चूक मात्र डोळ्यांना दिसते. आत पीएच ४चं सायट्रेट आणि बाहेर ७.४ ठेवून डॉक्सोरुबिसिन आत ओढतात. डॉक्सिल (तापमानावर न चालणारं, बाजारातलं डॉक्सोरुबिसिनचं लायपोसोम) पद्धतीच्या लायपोसोमसाठी औषध भरण्याचं काम ६० अंशांच्या आसपास करतात, आणि विद्यार्थी तीच कृती जशीच्या तशी उचलतात. पण आपला पडदा ४१लाच सच्छिद्र होतो. मग पीएचमधला फरकच पुसला जातो आणि औषध ओढलं जात नाही. आकारानुसार कण वेगळे करणाऱ्या सेफाडेक्स जी-५० कॉलममध्ये लाल पट्टा दोन भागांत तुटताना दिसतो: पुढे लायपोसोम, मागे रेंगाळणारं मोकळं औषध. मागचा पट्टा गडद असला, तर आधी भरतानाचं तापमान तपासा. बाहेरचा बफर बदलल्यानंतर ३७-३८च्या वर जाऊ नका, तासभर तेवढ्यावरच ठेवा.

त्याच जुन्या कृतीतून कोलेस्टेरॉलही येतं. डॉक्सिलमध्ये, आपल्याकडच्या लिपोडॉक्समध्ये ते मुद्दाम भरपूर असतं, कारण तिथे गळती नकोच असते. इथे तेवढं घातलंत, तर डीएससीवरचं (पडदा कोणत्या तापमानाला पातळ होतो ते दाखवणाऱ्या यंत्राच्या आलेखावरचं) टोकदार शिखर पसरट होऊन जवळजवळ नाहीसं होतं आणि तापवण्याला अर्थ उरत नाही.

सीरमशिवाय काढलेले निकाल मला अपुरेच वाटतात. बफरमध्ये ३७ला शांत बसलेले लायपोसोम सीरममध्ये गळू लागतात, शिवाय रक्तातली प्रथिनं लायसोलिपिड हळूहळू पडद्यातून ओढून घेतात. ३७ला निदान तासभर सीरममध्ये ठेवून बघा. शून्य आणि शंभर टक्क्यांचे नमुनेही सीरममध्येच करा, कारण प्रथिनांना चिकटल्यावर औषधाची चमक बदलते.

एक्सट्रुडर (लायपोसोम बारीक फिल्टरमधून दाबून एकसारख्या आकाराचे करणारं उपकरण) ५० अंशांच्या वर ठेवा, नाहीतर डीपीपीसी घट्ट राहून फिल्टर तुंबतो. तयार लायपोसोम गोठवू नका, फ्रिजमध्ये ठेवा.

रुग्णालयातही प्रश्न तापमान आणि वेळेचाच आहे. यकृताच्या कर्करोगाच्या ७०१ रुग्णांवर झालेली थर्मोडॉक्सची हीट चाचणी २०१३ साली मुख्य उद्दिष्ट गाठू शकली नाही. ज्यांची गाठ ४५ मिनिटं किंवा जास्त तापवली होती, त्यांच्यात फायदा दिसतोय असं नंतर आकडे चाळताना आढळलं. त्या उपगटावर विसंबून ऑप्टिमा ही नवी चाचणी उभी केली, आणि २०२०मध्ये तिच्यातही फायद्याची शक्यता नसल्याचा इशारा देखरेख समितीने दिला. शोधनिबंध लिहिताना असा उपगट सापडला, तर तो निष्कर्षात नको, पुढच्या प्रश्नांत घाला. ऑक्सफर्डच्या टारडॉक्स या थर्मोडॉक्सच्याच चाचणीत वेगळं केलं. १० रुग्णांच्या यकृतातली गाठ केंद्रित अल्ट्रासाउंडने तापवली, आणि गाठीचा तुकडा काढून त्यातलं औषध थेट मोजलं. तापवण्याआधीच्या मानाने ते सरासरी ३.७ पट झालं होतं.