पारड्याला प्रोटीन द्या, पण सरकी ढेप नको

आपल्या खान्देशात जिनिंग जागोजागी, त्यामुळे सरकी ढेप घरोघरी, अन् म्हशीला आंबोण ठेवलं की त्यातली मूठभर पारड्यापुढे पण जातेच. ढेपेनं पारडू लवकर भरतं म्हणे. कोणी काही सांगो, पहिले सहा महिने तरी ऐकू नका. सरकीत गॉसिपॉल नावाचं विष असतं, मोठी म्हैस ते पचवून घेते कारण तिचं कोठीपोट (चारा आंबून पचतो तो पोटाचा मोठा कप्पा) चालू असतं, पारड्याचं नसतं, मग ते काळजा-लिव्हरवर जातं. युरिया असलेलं पशुखाद्य पण याच कारणानं नको.

चीक तासा-दोन तासात पाजला अन् दहाव्या दिवसाच्या आसपास डॉक्टरला विचारून जंताचं औषध दिलं, हे धरून चालतो. म्हशीच्या पारड्याला गोल जंत आईच्या दुधातूनच येतात, ते पोटात असतील तर खुराक सगळा त्यांचाच.

खुराक घरी करा. 100 किलोला मक्याचा भरडा 42, सोयाबीनची डीओसी (तेल काढलेली पेंड) 30, गव्हाचा कोंडा 25, मिनरल मिक्श्चर 2, मीठ 1. प्रोटीन 20-21 टक्के बसतं. डीओसीऐवजी शेंगदाणा पेंड चालते, पण पावसाळ्यात बुरशी धरलेली फेकूनच द्या, उन्हात वाळवून विष जात नाही. कच्चं सोयाबीन दळून घालू नका.

आता खरी गोची. पारडू खातच नाही! दुसऱ्या आठवड्यापासून टोपलं ठेवलं तरी हुंगून मागं सरकतं, मग माणूस वैतागतो अन् गूळपाणी घालून लगदा करतो, तो उन्हाळ्यात दुपारपर्यंत आंबतो अन् संध्याकाळी पारडू हगवणीला लागतं. कोरडाच द्या. दूध पिऊन झालं की तोंड चोखायच्या नादात असतं तेव्हाच चिमूटभर जिभेवर ठेवा, बोट चोखू द्या, रोज दोन्ही वेळ, चार-सहा दिवसात ते स्वतः टोपल्यात तोंड घालतं. उरलेलं रोज काढून म्हशीला टाका, शिळ्यावर ताजं ओतू नका. जवळ पाणी पाहिजे, नुसत्या दुधावर कोठीपोट सुरू होत नाही.

वाढवताना घाई नको. शेण बघून वाढवायचं, पातळ अन् घाण वासाचं आलं की दोन दिवस निम्मं करा. तीन महिन्यांपर्यंत अर्धा ते एक किलो पुष्कळ झालं. अन् प्रोटीन चांगलं म्हणून मका कमी करून डीओसी वाढवणारे पण आहेत, त्यांचं पारडू वाढत नाही, जास्तीचं प्रोटीन युरिया होऊन मुतातून जातं, त्याचा अमोनिया होऊन गोठ्यात डोळे झोंबतात ते वेगळंच.

दादरच्या (रब्बी ज्वारीच्या) कडब्याची बारीक कुट्टी, हिरवा चारा हळूहळू सोबत. वगार (मादी पारडू) असेल तर हात आखडू नका, ती माजावर वयानं नाही, वजनानं येते. ढेप सहा महिन्यांनंतर, तीही थोडी थोडी.